देवळाची लाकडे आणि कॉफीची पुडी

राळेगणसिद्धीतल्या यादवबाबांच्या देवळाची लाकडे एके काळी दारूच्या भट्टीखाली जळाली. पारनेर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 400 ते 500 मिलिमीटर, तोही लहरी. शेतीवर घर चालेना म्हणून गावात तीस-चाळीस भट्ट्या पेटल्या आणि भट्टीला जळण हवे म्हणून पडक्या देवळाच्या लाकडांना हात लागला. 1975 मध्ये सैन्यातून परतलेल्या किसन बाबूराव हजारे यांनी, म्हणजे अण्णांनी, आपल्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे घालून आधी ते देऊळ उभे केले. नालाबांध, पाझर तलाव, झाडे हे सगळे त्यानंतरचे. ही कथा महाराष्ट्रात अनेकदा सांगून झाली आहे. तिच्यातल्या एका तपशिलापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. ज्याने ती लाकडे काढून नेली, त्याच्या लेखी तोही पुनर्वापरच होता. मोडकळीला आलेल्या देवळाची तुळई कुणाच्या कामाची उरली नव्हती. त्याने तिला काम दिले. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकतो. इथे टिकाऊचे टाकाऊ झाले, एका रात्रीत राख झाली. वस्तू पुन्हा वापरली गेली एवढ्यावर तिचे भले झाले असे म्हणता येत नाही. दुसरा वापर तिला किती काळ जगवतो, कुणाच्या उपयोगी पाडतो आणि त्यानंतर ती कुठे जाऊन पडते, हे पाहावे लागते. आज वाण्याच्या दुकानात माळेने लटकणाऱ्या कॉफीच्या चकचकीत पुड्या शिवून पर्स बनवा, कागदी कपात रोपे लावा, असे सल्ले सगळीकडून मिळतात. ते देणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण पुड्या आणि कप यांना हाच निकष लावला तर निघणारे उत्तर त्या सल्ल्यांपेक्षा वेगळे आहे, आणि राळेगणने ते कॉफीचा कप गावात येण्याच्या कितीतरी आधी शोधले होते, असे माझे म्हणणे आहे.

रिकामे वेष्टन पुन्हा वापरण्यासाठी आपल्याकडे कधी कल्पकता लागली नाही. ती घराची आणि बाजाराची रीतच होती. वाणी साखर, चहापूड, हळद जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचा. घरी पुडी सुटली की दोरा गुंड्यावर जायचा, कागद फळीवर अंथरला जायचा किंवा चुलीला लागायचा, आणि चुलीतल्या राखेने भांडी घासली जायची. कॉफी ही मराठी घरात तशी रोजची नव्हे. जायफळ-वेलदोडा घातलेली कॉफी पाहुण्यांसाठी, सणावारी, नाहीतर जागरणाच्या रात्री. तीही डब्यातून यायची. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेस्तनजी एडलजी दलाल यांनी कॉफी दळून विकायला सुरुवात केली, आणि त्यांची चिकोरी मिसळलेली ‘पोल्सन’ची फ्रेंच कॉफी पत्र्याच्या डब्यातून घरोघरी गेली. असा डबा रिकामा झाला की त्यात मोहरी, सुटे पैसे, सुया-दोरे राहायला येत. 1937 पासून बाजारात आलेल्या डालड्याच्या डब्यांनी तर किती अंगणांत तुळशी वाढवल्या. त्याहून मोठी कामगिरी रॉकेलच्या चार गॅलनी डब्याची. त्याने कावडीवरून पाणी वाहिले, बंबाचे काम केले, धान्य राखले, आणि कापून सपाट केल्यावर तो झोपडीची भिंत झाला. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा आजही रिकामा विकला जातो आणि घेणारा तो ठोकून, वाजवून, गंज पाहून घेतो. बाजार समितीच्या आवारात बारदानाला स्वतःचा भाव असतो. मुंबईत बाटल्यांच्या व्यापारावरून ‘बाटलीवाला’ हे आडनाव पडले. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत होती, रद्दीवाला तराजू घेऊन दारात येत होता. वस्तू एकाच पदार्थाची आणि मजबूत असायची, रिकामी झाल्यावरही तिची किंमत उरायची, आणि ती किंमत देणारा माणूस दारापर्यंत यायचा. या साखळीतला एक दुवा निखळला असता तरी डालड्याचा डबा उकिरड्यावर गेला असता.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. ही सगळी गरिबीची लक्षणे होती. लोकांकडे दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी डबे वापरले. त्या टंचाईचे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे हे टमरेलाकडे पाहिले की कळते. रिकामा पत्र्याचा डबा पहाटे हातात धरून गावाबाहेर जाणे हाही पुनर्वापरच, आणि तो बंद पाडण्यासाठी महाराष्ट्राला मोहीम काढावी लागली. 2000-01 मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने टमरेल हे लाजेचे चिन्ह ठरवले ते योग्यच केले. आदर्श गाव योजनेच्या सूत्रांतही ‘लोटाबंदी’ आली. पण अभियानाला ज्यांचे नाव दिले ते गाडगेबाबा (1876–1956) स्वतः चिंध्यांचे ठिगळ जोडलेले कपडे घालत आणि फुटक्या मडक्याचा तुकडा जवळ बाळगत. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. त्या खापरात ते जेवत आणि उन्हात तेच डोक्यावर घेत. त्यांच्यापुरता तो नाइलाज नव्हता, निवड होती. धर्मशाळा, गोशाळा, वसतिगृहे यांच्यासाठी लाखोंच्या देणग्या हातून जात असताना त्यांनी खापर सोडले नाही. जुनी वस्तू वापरणाऱ्याच्या माणूसपणाला कमीपणा आणते तिथे ती सोडावी, आणि माणूसपणाला धक्का न लावता जिथे काम करते तिथे ती ठेवावी, हा भेद गरिबी आणि काटकसर यांच्यातला आहे. तो भेद न करता सगळ्या जुन्या सवयींना गरिबीच्या खात्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते.

एकदा वापरून टाकायच्या वेष्टनाचा सर्वांत उत्तम दुसरा उपयोग महाराष्ट्रात झाला तो पाण्यासाठी. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा वनराई बंधारा हा सिमेंटच्या आणि खतांच्या रिकाम्या गोण्यांचा असतो. पाऊस संपत आला, ओढ्याची धार बारीक झाली पण आटली नाही, अशा दिवसांत गोण्यांत वाळू-माती भरायची, दाभणाने तोंड शिवायचे आणि विटांसारखी सांध्यावर सांधा न येऊ देता त्यांची रास ओढ्यात आडवी रचायची. फटी मातीने लिंपायच्या. मागे साठलेले पाणी रब्बीच्या एखाद्या पाळीला पुरते, विहिरींची पातळी धरून ठेवते, जनावरांची सोय करते. खर्च जवळपास नाही, कारण गोणी रिकामीच पडलेली असते आणि मजुरी श्रमदानाची. कोकणापासून विदर्भापर्यंत ग्रामपंचायती, शाळा, कृषी खाते यांनी असे बंधारे घातले. राळेगणने केलेली कामे याहून पक्की होती. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून जे दाखवले त्याचा आदर्श समोर ठेवून तिथे माथा ते पायथा पाणी अडवले गेले, गळणारा पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त झाला. तरी दोन्हींमागची रीत एकच: हाताशी आहे ते आणि अंगात आहे ते बळ, यांची सांगड. गोणीला इथे जो मान मिळाला तो मिळायलाच हवा होता. पण तिचेही शेवटी काय होते हे लपवता येत नाही. प्लॅस्टिकच्या धाग्यांची गोणी उन्हाने एक-दोन हंगामांत कुजकट होते, पुढच्या पुरात फाटते आणि तिचे धागे ओढ्याबरोबर खाली जातात. पावसाळ्याआधी गोण्या काढून घेणारी गावे हे टाळू शकतात. न काढणारी गावे पाणी कमावतात आणि कचरा खालच्या गावाला देतात. पुनर्वापराची जबाबदारी दुसऱ्या वापराशी संपत नाही, तो संपल्यानंतरही ती उरते. इतक्या उपयुक्त गोणीची ही गत, तर पुडीची काय असेल?

कॉफीची पुडी दिसते एकसंध, पण तिच्यात छपाईचा थर वेगळा, ॲल्युमिनियमचा किंवा तसाच चकाकणारा थर वेगळा, आणि आत चिकटून बसणारे पॉलिथिन वेगळे. हवा आणि ओल यांपासून कॉफी वाचवण्यासाठी हे थर लागतात. कॉफीपूड फार लवकर ओल धरते, म्हणून ही रचना उगाच केलेली नाही. पण याच थरांमुळे ती ना कागदाच्या भावात जाते ना प्लॅस्टिकच्या. कागदी कपही नावापुरताच कागदी. त्याच्या आत पॉलिथिनचे पातळ अस्तर असते, नाहीतर चहा बोटांवर उतरेल. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटे राहिले तर सुमारे 25,000 सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या आणि पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेतून दारोदार कचरा गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या हातांना कशाला भाव आहे आणि कशाला नाही याचे जितके नेमके ज्ञान आहे तितके कुणालाच नसेल. पुडीला वजन नाही, म्हणून भाव नाही; भाव नाही, म्हणून भंगाराच्या दुकानात तिला जागा नाही. रॉकेलच्या डब्यामागे उभी असलेली अख्खी साखळी पुडीमागे नाही. तिची पर्स विणणारी बाई कसबी असेल, त्या पर्सला चार पैसे मिळत असतील तर ते तिला जरूर मिळावेत. पण शंभर पुड्यांची पर्स झाली तरी ती पुन्हा शंभर थरांची वस्तूच राहते, आणि शिवण उसवली की तिचा घेणारा कोणी नाही. कपातल्या रोपांचेही तसेच. मिरची-टोमॅटोचे बी उगवायला, तळाला भोक पाडलेला कप चालतो. झाडाच्या रोपाला तो अपुरा. मूळ लवकर तळाला टेकते आणि गोल फिरू लागते. त्याला दुधाची रिकामी पिशवी बरी, ती खोलही आहे आणि एकाच प्लॅस्टिकची असल्याने नंतर भंगारात जाते. शिवाय हमरस्त्यावरची टपरी सकाळच्या पहिल्या प्रहरात जितके कप संपवते तितकी रोपे एका घराला वर्षभरात लागत नाहीत. उगमाचा वेग आणि उपयोगाचा वेग यांतले हे अंतर कोणत्याही कारागिरीने भरून निघणारे नाही.

म्हणून राळेगणकडे पाहायचे. तिथल्या पंचसूत्रीत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नसबंदी अशा चार बंद्या आहेत आणि पाचवे श्रमदान. पाचांपैकी चार सूत्रे काय करायचे नाही ते सांगतात. डोंगर उघडा पडला होता तेव्हा तोडलेल्या लाकडाचा अधिक चांगला वापर कसा करावा याचे वर्ग गावाने भरवले नाहीत. आधी कुऱ्हाड थांबवली, मग झाडे लावली. उसासारखी पाणी पिणारी पिके दूर ठेवली, मग पाण्याची वाटणी केली. शेणाचा आणि मैल्याचा गोबरगॅस केला तो यानंतरचा, आणि तो यशस्वी झाला कारण ते मातीतून आलेले होते आणि खत होऊन मातीत परत जाऊ शकत होते. होळीला गावातल्या विड्या-सिगारेटी, तंबाखू गोळा करून पेटवून देण्यात आली. तिच्या रिकाम्या पाकिटांचे काय करायचे हा प्रश्नच त्या दिवशी संपला. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लग्नांचा हिशेब, ज्याचा राळेगणच्या कथेत फार कमी उल्लेख होतो. कर्ज काढून केलेली लग्ने घरे बुडवत होती म्हणून 1976 पासून गावात सामुदायिक लग्ने सुरू झाली. तरुण मंडळाने स्वयंपाक, वाढप अंगावर घेतले आणि भांडी, मांडव, ध्वनिवर्धक हे सगळे मंडळाच्या मालकीचे विकत घेतले. 1976 ते 1986 या दहा वर्षांत अशी 424 लग्ने लागली. त्या पंगतींत जी भांडी फिरली ती घासून पुन्हा पुढच्या लग्नाला उभी राहिली. एकेका कुटुंबाला परवडणार नाही अशी टिकाऊ वस्तू गावाने मिळून घेतली की टाकाऊ वस्तू विकत घेण्याचे कारणच उरत नाही. हा उपाय कचऱ्यासाठी शोधलेला नव्हता, कर्जासाठी होता. तरी थर्माकोलची ताटे आणि कागदी कप यांच्यावर इतका नेमका तोडगा मला दुसरा दिसत नाही.

बंदी म्हटले की दोन शंका उभ्या राहतात आणि दोन्ही टाळता येत नाहीत. पहिली, राळेगणची शिस्त मारहाणीवर उभी होती. दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनी स्वतः सांगितले आहे. हे समर्थनीय नाही. गावाच्या भल्याचा हेतू माणसाच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार देत नाही, आणि तो भाग वगळून राळेगणचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. पण भांड्यांचा संच, अडीनडीला धान्य उसने देणारी गावाची धान्य बँक, श्रमदान यांना खांब लागला नव्हता. ती गावसभेत बसून ठरलेली, सोयीची म्हणून टिकलेली कामे होती. दुसरी शंका अशी की सरकारी बंदी तर झालीच आहे, तिने काय साधले? महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठेवला. 2022 च्या जुलैत प्लॅस्टिकचा थर दिलेले कागदी कप-ताटेही बंदीत आणली. टपरीवर कप तरीही दिसतो. मला वाटते याचे कारण दंडाच्या रकमेत नाही. दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत देण्याची तरतूद त्याच सुमारास आली, ती घरोघरी रुजली नाही; पण आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटलीची परतफेड मुंबईत कित्येक वर्षे बिनबोभाट चालली, कारण रिकामी बाटली घेणारे केंद्र तेच होते जिथे भरलेली मिळत होती. बंदीने कप काढून घेतला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. राळेगणने दारू काढली तेव्हा आधी देऊळ उभे केले होते, आणि पुढे पाणी आणले, हाताला काम दिले.

याहून कठीण प्रश्न कपबशीचा आहे. पुन्हा वापरायच्या कपाचा आपला इतिहास निष्पाप नाही. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी कानतुटका कप वेगळा ठेवला जाई, कुठे करवंटीतून चहा दिला जाई, आणि प्यायल्यावर त्यांनीच तो धुऊन ठेवायचा असे. एकदा वापरून फेकायचा कप आला तेव्हा कुणाच्या ओठाला कुणाचा कप हा प्रश्न निदान टपरीवर तरी मिटला, असे कोणी म्हटले तर त्याला उडवून लावण्याचा हक्क कुणालाही नाही. पण त्या कपाने विटाळ मिटवला का, की विटाळाला चेहरा नसलेली सोय करून दिली? 1972 मध्ये बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम काढली तेव्हा त्यांनी प्रत्येकासाठी वेगळे मडके मागितले नव्हते, एकच विहीर मागितली होती. राळेगणात सवर्णांनी दलितांच्या जमिनीवर श्रमदान करून त्यांचे कर्ज फेडले, आणि सामुदायिक लग्नांत त्यांची लग्नेही त्याच मांडवात लागली. एकाच घंगाळातली डाळ, एकाच राशीतली ताटे. ताट धुतले जाऊन दुसऱ्याच्या पुढे येते तेव्हा ते जे सांगते ते कागदी ताट कधीच सांगू शकत नाही.

शेवटी पाण्याचा मुद्दा, जो पारनेरच्या माणसाने काढावा आणि बाहेरच्याने ऐकून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या टपरीला पेले विसळायला सांगणे सोपे नाही. कागदी कप तिथे पाणी वाचवतो, हे खरे आहे. कपाचा कागद कुठे बनला आणि तिथे किती पाणी लागले हे उत्तर टँकरची वाट पाहणाऱ्याच्या कामाचे नाही. त्याच्या कामाचे असे, की पेला धुवायला फार पाणी लागत नाही. दोन बादल्या ठेवल्या, पहिलीत घासला आणि दुसरीत बुचकळला तर बादलीभर पाण्यात पुष्कळ पेले निघतात, आणि ते पाणी कपासारखे उकिरड्यावर जात नाही. गावजेवणाला आपापले ताट-तांब्या घरून आणायची रीत याच दुष्काळी मुलखात होती, म्हणजे धुण्याचे पाणी घराघरांत वाटले जाई. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी पाटाने परसात सोडायचे आणि त्यावर केळी, अळू, एखादे शेवग्याचे झाड जगवायचे, ही त्याच घरांची रीत. भर उन्हाळ्यात आजूबाजूचे सगळे करपलेले असताना मोरीच्या तोंडाशी तेवढी केळ हिरवी असे.